व्हर्च्युअल मशीनची फुगलेली डिस्क फाइल लहान कशी करायची? व्हर्च्युअलबॉक्स आणि उबुंटू वापरणाऱ्या नवख्यांसाठी

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की बरेच जण आपल्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स घेतात, त्यात उबुंटू टाकतात आणि डिस्क किती हवी असं विचारलं की ५० जीबी लिहून पुढे जातात. काही महिन्यांनी सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. शोधाशोध केली की एकच फाइल ३८-४० जीबी अडवून बसलेली सापडते. मग उबुंटूमध्ये जाऊन सिनेमे, आयएसओ, जुने प्रोजेक्ट उडवले जातात, कचरापेटी रिकामी केली जाते. बाहेरची ती फाइल मात्र तसूभरही कमी होत नाही.

हा व्हर्च्युअलबॉक्सचा दोष नाही. आपण मध्ये दोन पायऱ्या सोडतो, म्हणून असं होतं. त्या पायऱ्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने करायच्या, ते इथे सांगतो.

एक सूचना आधीच. इथले आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत, लहान अक्षरांत लिहा. कुठे मोठं अक्षर लागत असेल तर तिथे सांगितलं आहे. मोकळ्या जागा, तिरक्या रेघा आणि आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवा. ‘होस्ट’ म्हणजे तुमचा खरा लॅपटॉप आणि ‘गेस्ट’ म्हणजे त्याच्या पोटात चालणारं उबुंटू.

फाइल वाढते, पण कमी का होत नाही?

व्हर्च्युअलबॉक्सची नेहमीची डिस्क व्हीडीआय प्रकारची आणि ‘डायनॅमिक’ असते. ५० जीबी ही तिची कमाल मर्यादा. सुरुवातीला होस्टवरची फाइल अगदी लहान असते. गेस्टने एखाद्या न वापरलेल्या जागी काही लिहिलं की व्हर्च्युअलबॉक्स त्या जागेसाठी फाइलमध्ये १ एमबीचा एक ब्लॉक जोडतो. अशी एकेक ब्लॉकने फाइल वाढत जाते.

आता गेस्टमध्ये फाइल डिलीट केली की काय होतं? वहीच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडावं, पण पानांवरचा मजकूर तसाच राहावा, तसं. ‘ही जागा आता मोकळी’ एवढीच नोंद उबुंटूची फाइलसिस्टिम स्वतःकडे करते. त्या जागेतले जुने आकडे जिथल्या तिथेच असतात. व्हर्च्युअलबॉक्सला फाइलसिस्टिममधलं काही कळत नाही. त्याला फक्त ब्लॉक दिसतात, आणि ब्लॉक तर भरलेला आहे. म्हणून तो ठेवून देतो.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी गेस्टमधला नको तो माल काढायचा. मग मोकळी झालेली जागा खरोखर शून्यांनी भरायची, किंवा ‘ही जागा मोकळी झाली’ असा निरोप होस्टपर्यंत पोहोचवायचा. शेवटी होस्टवर फाइल आकसून घ्यायची. मधली पायरी गाळून थेट शेवटची केली तर फाइल जेमतेम काही एमबीने कमी होते आणि माणूस ‘हे चालतच नाही’ म्हणून सोडून देतो.

पहिली पायरी: मोजमाप

व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह द मशीन स्टेट’ नको, उबुंटूच्या आतून व्यवस्थित शट डाउन. मग होस्टवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. व्हर्च्युअलबॉक्सचा आदेश सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्स, त्यात ओरॅकल, त्यात व्हर्च्युअलबॉक्स या फोल्डरमध्ये असतो. आधी सीडी आदेशाने त्या फोल्डरमध्ये जा, नाहीतर ‘असा आदेश नाही’ हेच उत्तर मिळेल. मग लिहा:

व्हीबॉक्समॅनेज शोमीडियमइन्फो डिस्क "डी:\व्हीएम\उबुंटू.व्हीडीआय"

अवतरणचिन्हांतला पत्ता तुमच्या फाइलचा. पत्त्यात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं लागतातच, म्हणून ती नेहमीच घालायची सवय ठेवा. उत्तरात बऱ्याच ओळी येतील. त्यातल्या तीन नीट वाचा. ‘कपॅसिटी’समोर ५१२०० एमबाइट्स असं काहीतरी दिसेल, ती मर्यादा. ‘साइज ऑन डिस्क’समोर, समजा, ३८९०० असेल, तर ती होस्टवर खरोखर गेलेली जागा. ‘फॉरमॅट व्हेरियंट’समोर ‘डायनॅमिक’ हा शब्द आहे ना, ते बघा. तिथे ‘फिक्स्ड’ असेल तर खालची कृती थेट लागू पडत नाही. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

आता मशीन चालू करून उबुंटूच्या टर्मिनलमध्ये लिहा:

डीएफ -एच /

इथे ‘यूज्ड’खाली १४ जीबी दिसले आणि बाहेर ३८ जीबी, तर सुमारे २४ जीबी परत मिळण्याजोगे आहेत. आत ३५ आणि बाहेर ३८ असेल, तर आकसून फारसं काही हाती लागणार नाही. आधी आतली साफसफाईच करावी लागेल. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक पाऊल त्यांच्यावरून ठरतं.

दुसरी पायरी: स्नॅपशॉट

बऱ्याचदा खरी जागा स्नॅपशॉटनी, म्हणजे मशीनच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थांनी, खाल्लेली असते. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय जागच्या जागी गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधल्या एका नव्या फाइलमध्ये जातं. चार स्नॅपशॉट घेतले की अशा चार फाइली, एकमेकींवर अवलंबून असलेल्या. ‘काहीही इन्स्टॉल करण्याआधी एक घेऊन ठेवू’ अशी सवय असलेल्यांकडे या फोल्डरचा आकार मूळ डिस्कपेक्षा मोठा सापडतो.

नको असलेले स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतूनच डिलीट करा. डिलीट म्हणजे तिथे विलीनीकरण असतं: त्या फाइलमधले बदल शेजारच्या फाइलमध्ये मिसळले जातात. त्याला वेळ लागतो आणि काम चालू असताना होस्टवर थोडी जास्तीची जागाही लागते. विंडोज एक्सप्लोररमध्ये जाऊन त्या लांबलचक नावांच्या फाइली हाताने कधीही उडवू नका. साखळीतली एक कडी गेली की पुढच्या सगळ्या फाइली निरुपयोगी होतात आणि मशीन सुरूच होत नाही.

तिसरी पायरी: बॅकअप

ही पायरी टाळायची नाही. आकसण्याचं काम मूळ फाइलवरच चालतं. मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर डिस्क बिघडू शकते. मशीन बंद करून पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ती डिस्क किंवा पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवं. बाहेर एवढी जागाच नसेल तर निदान गेस्टमधलं आपलं काम, म्हणजे कोड, रिपोर्ट, डेटाबेसचा डंप, दुसरीकडे काढून ठेवा.

चौथी पायरी: गेस्टमधली साफसफाई

अंदाजाने फाइली उडवत बसू नका. जागा कुठे गेली ते आधी विचारा:

सुडो डीयू -एचएक्स --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

सर्वांत मोठं फोल्डर सर्वांत खाली येतं. त्याच्या आत जाऊन हाच आदेश त्या फोल्डरच्या नावाने पुन्हा द्या. दोन-तीन वेळा खाली उतरलं की खरा गुन्हेगार सापडतो. नेहमीच्या जागा अशा:

अपडेटसाठी उतरवलेल्या पॅकेजच्या फाइली इन्स्टॉल झाल्यावरही पडून राहतात. ‘सुडो एपीटी क्लीन’ त्या काढतं. त्यानंतर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ द्या. जुने कर्नल आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस त्यात जातात. काय काढणार आहे त्याची यादी तो आधी दाखवतो, ती वाचूनच होकार द्या.

सिस्टिमच्या नोंदी, म्हणजे लॉग, हळूहळू गिगाबाइटमध्ये जातात. त्यांना कात्री लावणारा आदेश:

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=१००एम

यातला शेवटचा ‘एम’ मोठ्या अक्षरात.

उबुंटूमध्ये स्नॅप पॅकेजची मागची आवृत्तीही ठेवलेली असते. ‘स्नॅप लिस्ट --ऑल’ म्हटलं की ‘डिसेबल्ड’ असं लिहिलेल्या ओळी दिसतील. त्या जुन्या आवृत्त्या. नाव आणि रिव्हिजनचा क्रमांक बघून ‘सुडो स्नॅप रिमूव्ह नाव --रिव्हिजन=क्रमांक’ असं एकेक काढता येतं.

आणि डॉकर. गेस्टमध्ये डॉकर वापरत असाल तर बाकी सगळं सोडून आधी इथे बघा, कारण जुन्या इमेज आणि बिल्डचा साठा मिळून सहज दहा-पंधरा जीबी होतात. ‘डॉकर सिस्टिम प्रून’ थांबलेले कंटेनर, बेवारस इमेज आणि बिल्डचा साठा काढतं. थांबलेल्या कंटेनरमध्येच काही डेटा ठेवला असेल तर तोही जाईल, म्हणून आधी बघून घ्या.

साफसफाई झाली की ‘डीएफ’ पुन्हा चालवून नवा आकडा लिहा.

पाचवी पायरी: मोकळी जागा शून्य करणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तिचे तीन मार्ग आहेत. तिन्ही सांगतो, कारण कुठला घ्यायचा हे होस्टवर किती जागा उरली आहे त्यावर ठरतं.

सगळीकडे सापडणारा मार्ग म्हणजे शून्यांनी भरलेली एक प्रचंड फाइल तयार करायची आणि ती उडवायची:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/झीरोफाइल बीएस=१एम स्टेटस=प्रोग्रेस

इथेही ‘एम’ मोठा. आदेश चालू असताना किती लिहून झालं ते दिसत राहतं आणि शेवटी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो. हा संदेश पाहून घाबरू नका, आपल्याला तोच हवा होता. डिस्क काठोकाठ भरली, म्हणजे सगळी मोकळी जागा शून्य झाली. लगेच ‘सिंक’ असा एकच शब्द देऊन एंटर दाबा, म्हणजे मेमरीत रेंगाळलेलं लिखाण डिस्कवर उतरेल. मग ‘सुडो आरएम /झीरोफाइल’ देऊन ती फाइल काढा. भरलेल्या डिस्कवर उबुंटू फार वेळ ठेवू नका, आणि हे चालू असताना ब्राउझर वगैरे बंद असू द्या.

पण या मार्गात एक धोका आहे. गेस्टने सगळीकडे लिहिलं म्हणजे होस्टवरची फाइल आकसण्याआधी पूर्ण मर्यादेपर्यंत फुगू शकते. ५० जीबीची डिस्क, आज ३८ जीबीवर, म्हणजे आणखी १२ जीबी लागू शकतात. सी ड्राइव्हवर ५ जीबीच शिल्लक असतील तर मध्येच होस्ट भरेल आणि व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवेल. जागा कमी आहे म्हणून ज्यांनी हा खटाटोप सुरू केला, नेमके तेच यात अडकतात. मर्यादा वजा आजचा आकार, एवढी जागा होस्टवर नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते सगळ्याच नवख्यांसाठी, दुसरा मार्ग चांगला: झीरोफ्री. उबुंटूची सर्वसाधारण फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असते आणि झीरोफ्री तिच्यावर चालतं. ते प्रत्येक मोकळा ब्लॉक आधी वाचतं आणि त्यात काही कचरा असेल तरच शून्य लिहितं. जिथे आधीपासून शून्यच आहे तिथे हात लावत नाही. त्यामुळे फाइल फुगत नाही. अट एकच: ज्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागावर, ते चालवायचं तो भाग वापरात नसला पाहिजे. म्हणून मशीन उबुंटूच्या आयएसओवरून, म्हणजे उबुंटू इन्स्टॉल करताना वापरलेल्या फाइलवरून, सुरू करायचं. मशीनच्या सेटिंगमध्ये स्टोरेजखाली रिकामी सीडी दिसते, तिच्यात आयएसओ घाला, मशीन सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय उबुंटू’ निवडा. मग टर्मिनलमध्ये:

सुडो एपीटी इन्स्टॉल झीरोफ्री

एलएसबीएलके

दुसऱ्या आदेशाने डिस्क आणि तिची पार्टिशनं दिसतात. ‘एसडीए’खाली ‘एसडीए१’, ‘एसडीए२’, ‘एसडीए३’ अशी नावं असतात आणि त्यातलं सर्वांत मोठं ते बहुधा तुमचं. इन्स्टॉल करताना एलव्हीएम निवडलं असेल तर त्याखाली आणखी एक ‘एलव्ही’ प्रकारची ओळ दिसेल. तेव्हा ‘/डेव्ह/मॅपर/’नंतरचं ते नाव वापरायचं. समोर माउंटपॉइंटचा रकाना रिकामा आहे, म्हणजे ते पार्टिशन वापरात नाही, याची खात्री करा आणि:

सुडो झीरोफ्री -व्ही /डेव्ह/एसडीए२

टक्केवारी हळूहळू चढत जाते. संपलं की मशीन बंद करा आणि आयएसओ काढून टाका.

तिसरा मार्ग ट्रिमचा. एसएसडीला ‘ही जागा मोकळी झाली’ असं कळवण्याची जी पद्धत असते, तीच इथे वापरायची. व्हर्च्युअलबॉक्स हा निरोप ऐकू शकतं, पण सुरुवातीला त्याने कान बंद ठेवलेले असतात. मशीन बंद असताना होस्टवर आदेश द्यावा लागतो:

व्हीबॉक्समॅनेज स्टोरेजअटॅच "मशीनचं नाव" --स्टोरेजसीटीएल "साटा" --पोर्ट ० --डिव्हाइस ० --टाइप एचडीडी --मीडियम "फाइलचा पत्ता" --नॉनरोटेशनल ऑन --डिस्कार्ड ऑन

कंट्रोलरचं नाव (वरच्या आदेशातलं ‘साटा’) तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये जसं दिसतं अगदी तसंच लिहायचं, मोठी-लहान अक्षरंही तशीच. त्यानंतर गेस्टमध्ये ‘सुडो एफएसट्रिम -एव्ही’ दिलं की किती जागा ट्रिम झाली ते दिसतं आणि व्हीडीआय फाइल आपोआप लहान होते. मात्र १ एमबीपेक्षा लहान मोकळे तुकडे यात सुटत नाहीत. शिवाय ही सोय फक्त व्हीडीआयला आहे. मशीन रोज वापरत असाल आणि पुन्हा पुन्हा हा खटाटोप नको असेल तर हा मार्ग घ्या. एकदाच साफ करायचं असेल तर झीरोफ्री पुरे.

शून्यं भरणाऱ्या पहिल्या दोन मार्गांना लागू असलेली एक गोष्ट. इन्स्टॉल करताना गेस्टची डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर आतून लिहिलेली शून्यं बाहेर शून्यं म्हणून उतरत नाहीत, ती एन्क्रिप्ट होऊन अर्थहीन आकडे बनतात. व्हर्च्युअलबॉक्सला तो ब्लॉक भरलेलाच दिसतो. लिनक्समधलं लक्स असो की विंडोजमधलं बिटलॉकर, दोन्हीकडे शून्य भरून फायदा होत नाही. तसंच कॉम्प्रेशन चालू असलेल्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर डीडीचा मार्ग फसतो, कारण शून्यांची ती फाइल दाबली जाऊन चिमूटभर जागेत मावते.

सहावी पायरी: आकसणं

मशीन बंद. लॅपटॉप चार्जरला लावलेला. स्लीप मोड तात्पुरता बंद. मग होस्टवर:

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क "डी:\व्हीएम\उबुंटू.व्हीडीआय" --कॉम्पॅक्ट

पडद्यावर ०%...१०%...२०% अशी टक्केवारी सरकत जाते. मध्ये बराच वेळ एकाच आकड्यावर थांबल्यासारखं वाटेल. खिडकी बंद करू नका. १००% आलं की ‘शोमीडियमइन्फो’ पुन्हा चालवा. ‘कपॅसिटी’ तीच राहील, ‘साइज ऑन डिस्क’ आतल्या वापराच्या जवळपास आलेली दिसेल. अगदी तेवढीच होईल अशी अपेक्षा नको. १ एमबीच्या ब्लॉकमध्ये एखादी चार केबीची फाइल जिवंत असली तरी अख्खा ब्लॉक राहतो. आत १४ जीबी असताना बाहेर १५-१६ जीबी म्हणजे काम चोख झालं.

स्नॅपशॉट ठेवलेच असतील तर लक्षात घ्या की शून्यं सध्याच्या, म्हणजे शेवटच्या फाइलमध्ये लिहिली गेली आहेत. मूळ फाइल आकसून फरक पडणार नाही. म्हणून स्नॅपशॉट आधी आटोपायला सांगितलं.

मशीन सुरू करून बघा. लॉगिन होतंय, प्रोजेक्ट उघडतोय, डेटाबेस चालतोय, एवढं तपासा. बॅकअप लगेच उडवू नका. काही दिवस नेहमीचं काम करा, मग काढा.

डिस्क व्हीडीआय नसेल किंवा फिक्स्ड असेल तर

कुणीतरी दिलेली तयार ओव्हीए फाइल आयात केली असेल तर डिस्क बहुधा व्हीएमडीके असते. तिच्यावर कॉम्पॅक्ट चालवलं की ‘या फॉरमॅटसाठी ही सोय नाही’ अशा अर्थाची चूक येते. अशा वेळी तिची व्हीडीआय प्रत करायची:

व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम डिस्क "जुनी.व्हीएमडीके" "नवी.व्हीडीआय" --फॉरमॅट व्हीडीआय --व्हेरियंट स्टँडर्ड

मग सेटिंगमध्ये स्टोरेजखाली जुनी डिस्क काढून नवी जोडा, मशीन सुरू होतंय ते पाहा आणि वरच्या पायऱ्या तिच्यावर करा. फिक्स्ड व्हीडीआयलाही हाच आदेश. ‘स्टँडर्ड’ म्हटलं की नवी प्रत डायनॅमिक होते. दोन्ही फाइली काही काळ एकत्र राहणार, तेवढी जागा मात्र लागेल.

गेस्ट विंडोज असेल तर

तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. आधी ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. अपडेटच्या जुन्या फाइली आणि मागची विंडोज तिथे निघतात. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर मोठं दिसलं तरी हाताने त्याला हात लावू नका. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढचा आदेश द्या, म्हणजे विंडोज स्वतःच त्यातलं जुनं काढेल:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकंपोनंटक्लीनअप

हायबरनेशनची फाइल असेल तर ‘पॉवरसीएफजी -एच ऑफ’ने ती जाते. शून्य भरण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं एसडिलीट वापरतात: ‘एसडिलीट -झेड सी:’. इथे ‘-झेड’च हवं. ‘-सी’ हा दुसरा पर्याय मोकळी जागा पुसतो खरा, पण आपल्या कामाचा नाही. एसडिलीटही सगळीकडे लिहितं, म्हणजे फाइल आधी फुगण्याचा धोका इथेही आहे. त्यानंतर होस्टवर तोच कॉम्पॅक्ट आदेश.

व्हर्च्युअलबॉक्सशिवाय

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये गेस्टमधल्या टूल्सकडूनच हे काम होतं. लिनक्स गेस्टमध्ये ‘सुडो व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी डिस्क श्रिंक /’ दिलं की शून्य भरणं आणि आकसणं एकापाठोपाठ होतं. स्नॅपशॉट असले किंवा डिस्क पूर्ण आकाराची आधीच राखून ठेवलेली असली तर ते नकार देतं.

लिनक्स होस्टवर केव्हीएम वापरणाऱ्यांची डिस्क बहुधा क्यूकाऊ२ असते. त्यांच्यासाठी लिबगेस्टएफएसमधलं ‘व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस फाइल’ फार सोयीचं आहे, कारण ते मोकळी जागा स्वतःच ओळखून सोडून देतं, गेस्टमध्ये शून्यं भरत बसावं लागत नाही. मशीन बंद हवंच. चालू मशीनच्या फाइलवर हे चालवलं तर डिस्क खराब होते.

हायपर-व्हीमध्ये मशीन बंद करून ‘एडिट डिस्क’मधून ‘कॉम्पॅक्ट’ निवडता येतं.

अलीकडे व्हर्च्युअलबॉक्सऐवजी विंडोजमधलंच डब्ल्यूएसएल२, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय, वापरणारे पुष्कळ आहेत. तेही आतून एक व्हर्च्युअल मशीनच आहे आणि त्याची ‘ईएक्सटी४.व्हीएचडीएक्स’ नावाची फाइल अशीच वाढत राहते. आत साफसफाई करून ‘सुडो एफएसट्रिम -एव्ही’ द्या. मग पॉवरशेलमध्ये ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’. त्यानंतर प्रशासक म्हणून ‘डिस्कपार्ट’ उघडून एकेक ओळ द्या:

सिलेक्ट व्हीडिस्क फाइल="फाइलचा पूर्ण पत्ता"
अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली
कॉम्पॅक्ट व्हीडिस्क
डिटॅच व्हीडिस्क

डिस्कपार्ट हे धारदार हत्यार आहे. त्यात ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका, तो निवडलेल्या डिस्कची पार्टिशनं पुसतो. डॉकर डेस्कटॉप डब्ल्यूएसएल२वर चालत असेल तर त्याची स्वतःची वेगळी व्हीएचडीएक्स फाइल असते. तिलाही हेच लागू.

मर्यादाच कमी करायची असेल तर

५० जीबीची डिस्क आतूनही ३० जीबीचीच दिसावी असं काहींना वाटतं. आधी स्वतःला विचारा की गरज आहे का. डायनॅमिक डिस्कची मर्यादा ही फक्त मर्यादा आहे, ती होस्टवर जागा घेत नाही. जी जागा छळत होती ती वर परत मिळाली. मशीन दुसऱ्याच्या लहान डिस्कवर द्यायचं असेल, किंवा ते कधीच ३० जीबीच्या पुढे जाऊ नये असं असेल, तरच या वाटेला जा.

व्हर्च्युअलबॉक्सचा ‘रिसाइझ’ फक्त वाढवतो, कमी करत नाही. म्हणून नवी ३० जीबीची व्हीडीआय बनवून तिच्यावर सगळं हलवावं लागतं. क्रम असा: बॅकअप घ्या. दोन्ही डिस्क मशीनला जोडा आणि उबुंटूच्या आयएसओवरून सुरू करा. जीपार्टेड या पार्टिशन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कवरचं पार्टिशन २७-२८ जीबीपर्यंत कमी करा. ईएक्सटी४ चालू अवस्थेत लहान होत नाही, म्हणून आयएसओ. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर ही वाट बंद समजा, तिथे नवीन पार्टिशन करून फाइली कॉपी करणं हाच उपाय. पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीकडे आलेलं असलं पाहिजे, मोकळी जागा शेवटी. विंडोज गेस्टमध्ये सी ड्राइव्हच्या पुढे रिकव्हरी पार्टिशन असतं, ते आधी मागे सरकवावं लागतं.

मग एलएसबीएलकेमध्ये आकार बघून ५० जीबीची डिस्क कोणती आणि ३० जीबीची कोणती हे पक्कं करा. ‘आयएफ’मध्ये जुनी आणि ‘ओएफ’मध्ये नवी. उलटं झालं तर जुनी डिस्क कोरी होते. जुनी ‘एसडीए’ आणि नवी ‘एसडीबी’ असेल तर (‘४एम’मधला ‘एम’ इथेही मोठा):

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीए ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=४एम स्टेटस=प्रोग्रेस

नवी डिस्क भरली की ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणून तो थांबेल. पार्टिशन त्याआधीच संपत असल्याने काही हरवत नाही. जीपीटी प्रकारच्या डिस्कमध्ये पार्टिशनच्या यादीची एक प्रत अगदी शेवटी असते, ती मात्र कापली जाते. ‘सुडो जीडिस्क /डेव्ह/एसडीबी’ उघडून ‘एक्स’, मग ‘ई’, मग ‘डब्ल्यू’ दिलं की ती प्रत नव्या शेवटी लिहिली जाते. यानंतर मशीनमधून जुनी डिस्क काढा, नवी पहिल्या पोर्टला लावा, सुरू करा. दोन्ही डिस्क एकत्र ठेवून सुरू करू नका. दोघींवरच्या पार्टिशनची ओळख तीच असल्यामुळे उबुंटू भलत्याच डिस्कवरून सुरू होऊ शकतं.

पुन्हा फुगू नये म्हणून

मोठ्या फाइली गेस्टमध्ये उतरवूच नका. व्हर्च्युअलबॉक्सचं शेअर्ड फोल्डर वापरा, डेटासेट आणि आयएसओ होस्टवरच राहू द्या. डॉकर किंवा डेटाबेससाठी दुसरी वेगळी व्हीडीआय जोडली तर सिस्टिमची डिस्क लहान राहते आणि डेटाची डिस्क नको झाली की सरळ काढून टाकता येते. नवीन मशीन बनवताना डिस्क डायनॅमिकच ठेवा आणि डिस्कार्ड पहिल्या दिवशीच चालू करा. उबुंटू आठवड्यातून एकदा स्वतःहून एफएसट्रिम चालवतं, त्यामुळे पुढे मोकळी होणारी जागा आपोआप होस्टकडे परत येत राहते.